जोरानं, जोमानं, नेटानं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवले. म्हणून आज मी या दोन भाषांच्या वेशीवर उभा असलेला एक शब्द घेऊन आलो आहे. शब्द इंग्रजी आहे, 'व्हिगरसली'. व्याकरणात त्याला क्रियाविशेषण म्हणतात. एखादं काम किती शक्तीनं, किती उत्साहानं केलं ते तो सांगतो. एका शब्दावर तासभर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. माझी अडचण उलटी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत हा शब्द शेतीत येतो, दवाखान्यात येतो, ग्रामसभेत येतो, आणि प्रत्येक ठिकाणी मराठीत त्याचं रूप बदलतं. त्यातलं किती सांगून होईल, ही मला काळजी आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. धानोऱ्याच्या किंवा सिंदेवाहीच्या शाळेतली मुलगी आज हा शब्द सातवी-आठवीत वाचते. शेजारी अर्थ दिलेला असतो, 'जोमाने'. मग 'तिने जोरजोरात मान हलवली' असं जिथं यायला हवं तिथं ती 'तिने जोमाने डोके हलवले' असं लिहिते. 'आरोपांचा ठाम शब्दांत इन्कार केला' याऐवजी 'जोमाने नकार दिला' असं लिहिते. यात मुलीचा दोष नाही. आपण तिला शब्दाला शब्द दिला. तो शब्द कोणत्या क्रियापदाच्या सोबतीनं राहतो, ते सांगितलं नाही.

कोशांची निंदा करायला मी उभा राहिलेलो नाही. कोशकार मोल्सवर्थनं 1831 साली मराठी-इंग्रजी कोश दिला आणि 1857 मध्ये त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली. त्याचा सहकारी कँडी याच्या साथीनं सिद्ध झालेला इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. या माणसांनी गावोगावचे शब्द गोळा केले, आणि त्या राशीवर आपण आजही उभे आहोत. पण कोशाचा स्वभावच असा की तो एका शब्दासमोर दहा शब्द ओळीनं मांडतो. जोराने, जोमाने, नेटाने, हिरिरीने, तडफेने, आवेशाने, कसून, झटून. वाचणाऱ्याला वाटतं की हे सगळे एकाच मापाचे, कोणताही उचलावा. मराठी कानाला मात्र ते कधीच एका मापाचे वाटत नाहीत.

बघा ना. विरोध आपण कडाडून करतो. चर्चेत भाग हिरिरीनं घेतो. चौकशी कसून होते. अंग खसाखसा चोळतो, झोपलेल्याला गदागदा हलवतो, डाळ खदखदा उकळते, झाड जोमानं वाढतं, काम नेटानं पुढं नेतो, आणि औषधाची बाटली नुसती 'चांगली' हलवतो. या सगळ्या जागी इंग्रजीत तो एकच शब्द निभावून नेतो. आता यातला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवा. 'खसाखसा विरोध केला', 'कडाडून अंग चोळलं'. लहान मूलसुद्धा हसेल. मराठीत शक्तीचं क्रियाविशेषण मोकळं फिरत नाही. त्याचं क्रियापदाशी लग्न लागलेलं असतं.

ही क्रियाविशेषणं घडतात कशी, तेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजीला शेपूट एकच, 'ली'. मराठीच्या निदान तीन वाटा आहेत. पहिली तृतीयेची: जोरानं, जोमानं, हिमतीनं. करणाऱ्याच्या हाताशी काहीतरी आहे आणि त्याच्या साहाय्यानं तो करतो. दुसरी वाट ऊनची: कसून, झटून, ताणून, दणकून, मन लावून. आधी एक क्रिया झाली, तिच्या आधारावर दुसरी. 'कसून' मध्ये 'कसणे' आहे. जमीन कसणं आणि दोर कसणं या दोन्हींचा ताण त्यात ऐकू येतो. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ज्या पिढीनं दिली तिला हा ताण वेगळा समजावून सांगावा लागला नसता. तिसरी वाट नादाची: सपासप, दणादण, खणाखण, झपाझप. इथं शक्तीचं वर्णन नसतं, तिचा आवाज असतो. धान कापताना विळा सपासप चालतो, आणि तो तसा चालतो आहे की नाही हे बांधीवर पाठ करून बसलेल्या माणसालाही कळतं. मोरो केशव दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (1911) क्रियाविशेषणांचं वर्गीकरण सविस्तर आहे. शाळेत मात्र आपण 'रीतिवाचक' एवढं पाठ करून पुढं जातो आणि रीत कुठून आली ते विचारत नाही.

आता 'जोर' हा शब्द घेतो, कारण त्याची या भूमीवरची कहाणी मला फार मोलाची वाटते. जोर फारसीतून आला. आता तो जिथं पोचला ती भूमी बघा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि भाषांच्या दृष्टीनं महाराष्ट्राला एक विलक्षण जिल्हा मिळाला. उत्तरेकडं झाडीबोलीची मराठी, मध्यभागी आणि पूर्वेकडं गोंडी व माडिया, कोरचीकडं छत्तीसगढी, सिरोंचा आणि अहेरीच्या बाजूला तेलुगू, आणि मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची बंगाली. आणि हा एक फारसी शब्द यातल्या कितीतरी घरांत नांदतो. ब्रह्मपुरी-वडशाकडची बाई म्हणते, पाऊस भल्ला जोरानं आला. सिरोंच्याची तेलुगू बाई त्याच पावसाला 'जोरुगा' म्हणते. मुलचेऱ्याचा बंगाली शेतकरी 'जोरे' म्हणतो, बाजारातला हिंदी बोलणारा व्यापारी 'जोर से' म्हणतो. मूळ एक, प्रत्यय चार. इतिहासात दरबार, फौजा, व्यापारी आले नि गेले. हा शब्द मागं राहिला आणि प्रत्येक भाषेनं त्याला आपल्या व्याकरणाचे कपडे घातले.

तरी अर्थाचं क्षेत्र सगळीकडं सारखं राहिलं नाही. बंगालीत 'जोरे' म्हटलं की आवाज मोठा किंवा वेग जास्त हे आधी मनात येतं. मराठीत 'जोरात बोल' म्हणजे मोठ्यानं बोल, 'गाडी जोरात' म्हणजे वेगात, 'जोरानं ढकल' म्हणजे ताकद लावून. आवाज, वेग आणि ताकद या तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात बसल्या आहेत, आणि सोबतच्या क्रियापदावरून आपण बरोबर ती ओळखतो. इंग्रजी 'व्हिगरसली' मध्ये आवाज नाही, नुसता वेगही नाही. त्याचं मूळ लॅटिन आहे, सतेज असणं, टवटवीत असणं. म्हणजे आतून येणारं बळ. त्या अर्थाला आपला जवळचा शब्द जोर नाही, जोम आहे. मुलीच्या पुस्तकात 'जोमाने' हा अर्थ दिला, तो मुळाशी धरून बरोबरच होता. फसला तो वापरात.

जोम हा शब्द मला आपल्या जंगलाचा वाटतो. पाऊस पडल्यावर बांबूच्या रांजीतून वास्ते वर येतात. ज्यांनी ते कोंब एका रात्रीत किती वाढतात हे पाहिलं आहे, त्यांना जोम म्हणजे काय हे सांगायला नको. तेंदूच्या झुडपाची उन्हाळ्याच्या तोंडावर छाटणी करतात, कारण छाटल्यावर नवी पानं जोमानं येतात आणि विडीला तीच कोवळी, रुंद पानं लागतात. ढकलून कोंब वर आणता येत नाही. जोर बाहेरून लावता येतो, जोम मुळात असावा लागतो. माणसाविषयी बोलतानाही आपण हा भेद पाळतो. 'जोर लाव' असं आपण कुणालाही म्हणतो. 'जोम लाव' असं कुणी म्हणत नाही. जोम असतो, येतो, ओसरतो, पुन्हा चढतो.

बियाणं तपासणारे शास्त्रज्ञसुद्धा हा भेद करतात. प्रयोगशाळेतल्या चांगल्या परिस्थितीत किती दाणे उगवतात, ती उगवणशक्ती. शेतातल्या बऱ्यावाईट परिस्थितीत ते किती दमदारपणे वर येतात, तो बियाण्याचा जोम. दोन पोत्यांची उगवण सारखी असू शकते आणि जोम वेगळा असू शकतो. आपल्याकडं धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकणारा शेतकरी कागद न बघता हे सांगतो. पऱ्ह्यांकडं बघून तो म्हणतो, यंदा दम नाही. तो कशाच्या तुलनेत बोलतो? मागच्या वर्षीच्या, शेजारच्या बांधीतल्या, आठवड्यापूर्वीच्या. ही तुलना लक्षात ठेवा, मला तिच्याकडंच यायचं आहे.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. थोडीशी शेती, फारसं शिक्षण नाही. 1983 मध्ये पटेल-3 जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून ते धान तयार झालं, जे पुढं एचएमटी या घड्याळाच्या नावानं बाजारात गेलं आणि देशभर पेरलं गेलं. 2018 मध्ये दादाजी गेले. त्यांच्या कामाला आपण कोणतं क्रियाविशेषण लावू? जोरानं नाही. हिरिरीनंही नाही, कारण हिरिरीला समोर कुणीतरी लागतं, चार माणसांत चढणारा तो आवेश आहे. दादाजींचं काम नेटानं झालं. आणि त्या नेटाच्या आधी एक नजर होती. शेकडो लोंब्यांत तीनच वेगळ्या आहेत हे ज्याला दिसतं, त्याच्या डोळ्यांत आधीच्या सगळ्या लोंब्या साठवलेल्या असतात.

आता मी ज्या उदाहरणासाठी हा विषय निवडला, तिथं येतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले आणि 'सर्च' या संस्थेचं काम सुरू झालं. 1990 च्या दशकात त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी 39 गावांत एक प्रयोग केला. बाळ रुग्णालयात नेणं अवघड, तेव्हा गावातलीच एक बाई, आरोग्यदूत, घरी जाऊन बाळाची काळजी घेईल, आजार ओळखेल आणि गरज पडली तर इंजेक्शनही देईल. या प्रयोगाचा अहवाल डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' मध्ये छापून आला. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाला होता. पुढं 2011 पासून देशभरातल्या आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींमध्ये ही पद्धत आली. हे सगळं आपल्याला अभिमानानं ठाऊक आहे. मी त्यातल्या एका भाषिक गोष्टीकडं लक्ष वेधतो, कारण तिची चर्चा कमी होते.

नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला आहे हे ओळखायचं कसं? प्रयोगशाळा दूर. बाळाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गारही पडतं. बाळ सांगू शकत नाही. म्हणून काही ठरावीक खुणा निवडल्या गेल्या आणि त्यातल्या दोन एकाच वेळी दिसल्या की उपचार सुरू करायचे असं ठरलं. त्यातल्या पहिल्या खुणा कोणत्या? आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. आधी नीट दूध ओढणाऱ्या बाळाचं ओढणं मंदावलं किंवा थांबलं. ही वाक्यं नीट ऐका. 'बाळ हळू रडतं' असं त्यात नाही. 'आधी नीट रडत होतं, आता क्षीण रडतं' असं आहे. काही बाळं जन्मतःच हळू रडतात, ती आजारी असतातच असं नाही. खूण आहे ती बदलाची.

म्हणजे 'बाळ जोरानं रडतं का' हा प्रश्न वरकरणी शक्तीचा दिसतो, आतून तो स्मरणाचा आहे. ज्यानं काल बाळ पाहिलं नाही, त्याला त्याचं उत्तर देता येणार नाही, मग तो कितीही मोठा तज्ज्ञ असो. उत्तर देऊ शकते आई, आजी, आणि जन्माच्या दिवशी येऊन गेलेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा आलेली ती आरोग्यदूत. आई म्हणते, 'काल लय जोरानं वढत होता बाई, आज तोंडच लावत नाही.' या वाक्यातलं 'जोरानं' हे क्रियाविशेषण रोगनिदान करतं. मला भाषेच्या अभ्यासात यापेक्षा गंभीर क्रियाविशेषण अजून भेटलेलं नाही.

याच्या शेजारी दुसरं एक उदाहरण ठेवतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला श्वास देण्याविषयीच्या इंग्रजी वैद्यकीय मार्गदर्शिकांत 'व्हिगरस' या शब्दाला पक्की व्याख्या दिली गेली. श्वासाचा जोरकस प्रयत्न, स्नायूंत चांगला ताण, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर. ही तिन्ही लक्षणं असतील तर बाळ व्हिगरस, नसतील तर नाही. बाळानं पोटात शी केली असेल तर पुढं काय करायचं हे कितीतरी वर्षं या शब्दावर अवलंबून होतं. प्रसूतिगृहात ही व्याख्या हवीच, कारण तिथं बाळाचा 'काल' नसतो. बाळाला जगात येऊन काही सेकंद झालेले असतात, तुलना करायला मागचं काही नाही. म्हणून तिथं आकडा लागतो. घरात मात्र 'काल' असतो, आणि तो आईच्या डोक्यात असतो. आकड्याला आणि आईला आपापली जागा आहे. गडचिरोलीच्या त्या प्रयोगाचं मोठेपण मला यात दिसतं की त्यानं आईच्या क्रियाविशेषणाला पुरावा मानलं.

आणि जिथं ते पुरावा मानलं जात नाही तिथं काय होतं, तेही बोललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं तीव्र श्रमाची हालचाल करावी. या 'तीव्र' च्या जागी इंग्रजीत आपलाच शब्द आहे, 'व्हिगरस'. मध्यम कोणतं आणि तीव्र कोणतं हे ओळखायची एक सोपी कसोटी सांगतात. काम करताना बोलता येतं पण गाता येत नाही, ते मध्यम. दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, ते तीव्र. शहरात पळायला जाणाऱ्यासाठी ही कसोटी चांगली आहे. आता ती घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये मूल, सावली, आरमोरी, कुरखेड्याच्या बांधीवर या. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, सकाळपासून कमरेत वाकलेल्या बाया रोवणी करताहेत. आणि गाताहेत. रोवणीची गाणी आपल्याकडची किती जुनी आहेत! कसोटी म्हणेल, या गाऊ शकतात, म्हणजे यांचं काम मध्यमसुद्धा नाही.

श्वासानं मोजलं तर कमरेचं दुखणं दिसत नाही. दिवसभर वाकून राहण्यात दम लागत नाही, पण संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. त्या बायांकडं यासाठी शब्द आहे. त्या म्हणतात, 'कंबर मोडून रोवलं'. त्यात श्रम आहे, आणि श्रम शरीरात कुठं बसला तेही आहे. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करताना आपण 'तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल' असं लिहून मोकळे होतो, आणि समोरची बाई विचारात पडून 'नाही' म्हणते. जिनं आठ तास चिखलात काढले तिच्या नावापुढं कागदावर 'नाही' लिहिलं जातं. मला याचा मनापासून राग येतो. सर्वेक्षण करणाऱ्यांनी 'धाप लागेल असं काम', 'अंग मोडेल असं काम', 'डोक्यावर ओझं घेऊन चालणं' असं वेगवेगळं विचारलं, तर उत्तरं बदलतील. मोहाची टोपली, सरपणाची मोळी, पाण्याची गुंडी, प्रत्येकीचं क्रियाविशेषण वेगळं आहे.

नेटाकडं मी पुन्हा वळतो, कारण या जिल्ह्यांनी सार्वजनिक जीवनात त्या शब्दाला जो अर्थ दिला तो साऱ्या महाराष्ट्रानं शिकावा असा आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड वस्तीचं छोटं गाव. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आम्ही सरकार, ही त्यांची गोंडी घोषणा आता दूरवर पोचली आहे. 1980 च्या दशकात धरणांविरोधी 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलनानं हा परिसर जागा झाला. पुढं देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या मित्रांच्या सोबतीनं, निर्णय सर्वसहमतीनं घ्यायची रीत बसवली. बहुमतानं नव्हे. एकाचं जरी मन वळलेलं नसेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. 2006 चा वनहक्क कायदा आला. 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतुकीचा परवाना कुणी द्यायचा यावर घोडं अडलं. गाव अडून राहिलं, पत्रं लिहीत राहिलं, कायद्याचा अभ्यास करत राहिलं. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

हे सगळं कुठल्या क्रियाविशेषणानं झालं? बाहेरचे वार्ताहर 'आक्रमकपणे' म्हणतील. सर्वसहमतीच्या सभेत आक्रमक माणूस निरुपयोगी असतो. तिथं जो मोठ्यानं बोलतो त्याचं पारडं जड होत नाही, कारण शेवटी सगळ्यात गप्प बसलेल्या माणसाचाही होकार लागतो. नेट लावणं म्हणजे दाब कायम ठेवणं. धक्का एकदा बसतो, नेट कितीतरी काळ लावून धरावा लागतो. इंग्रजी 'व्हिगरसली' मध्ये हा काळाचा पदर मला सापडत नाही. त्यात क्षणाची शक्ती आहे. नेटात वर्षं आहेत.

आणि आता आपलं शासकीय मराठी. भाषा संचालनालय 1960 साली स्थापन झालं, परिभाषा कोश निघाले, राज्यकारभार मराठीत यावा म्हणून मोठ्या माणसांनी कष्ट घेतले. त्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण कोणतंही परिपत्रक उघडा. मोहीम 'प्रभावीपणे' राबवावी. योजना 'सक्षमपणे' राबवावी. काम 'युद्धपातळीवर' पूर्ण करावं. उपाययोजना 'काटेकोरपणे' कराव्यात. ही क्रियाविशेषणं काम सुरू होण्याआधी लिहिलेली असतात. कुणी काही पाहिलेलं नसतं. आणि काम झाल्यावर अहवालात तोच शब्द उलट फिरून येतो, 'मोहीम प्रभावीपणे राबवण्यात आली'. आईच्या 'काल जोरानं ओढत होता' या वाक्यात आणि या वाक्यात जो फरक आहे, त्यावर माझं आजचं सगळं बोलणं उभं आहे. आईनं पाहिलं आहे. तिच्या शब्दाला मागं एक काल आहे, पुढं एक आज आहे. अहवालाच्या शब्दाला ना काल आहे ना आज. मलेरियाची फवारणी प्रभावीपणे झाली, असं नका लिहू. कोणत्या टोल्यावर किती घरांत झाली, मागच्या वेळी कोणती घरं सुटली होती, ती या वेळी झाली का, ते लिहा. मग क्रियाविशेषणाची गरजच उरणार नाही, किंवा उरली तर ते खरं असेल.

इथं शिक्षक बरेच बसले आहेत, आशाताई आहेत, ग्रामपंचायतीचे सचिव आहेत, म्हणून एक विनंती करतो. झाडीबोलीचे शब्द गोळा करण्याचं काम डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मोठ्या निष्ठेनं केलं, कोश तयार झाले, संमेलनं भरतात. त्यात नामं भरपूर आली आहेत, भांड्यांची, अवजारांची, माशांची, रानभाज्यांची. क्रियाविशेषणं गोळा करणं अवघड जातं, कारण ती एकटी सापडत नाहीत. 'जोरानं काम करणं याला तुमच्याकडं काय म्हणतात' असं विचारलं तर माणूस बुचकळ्यात पडतो. तुम्ही वहीत अख्खं वाक्य लिहा. धान चुरताना काय म्हणाले, पुंजणं रचताना काय म्हणाले, बैल चिखलात अडला तेव्हा काय म्हणाले, दंडारीत नाचणाऱ्याला प्रेक्षकांतून काय ओरडले, तापातून उठलेल्या म्हातारीबद्दल सून काय म्हणाली. वाक्याशेजारी तीन गोष्टी टिपा: कोणतं काम चाललं होतं, बोलणारानं ते कुठून पाहिलं, आणि आधी ते कसं होतं असं त्याला वाटत होतं. माडिया आणि गोंडी घरांत हे काम त्याच घरातल्या मुलांनी करावं, आपण मराठी माणसांनी त्यांच्या वाक्यांना आपले अर्थ लावू नयेत. सिरोंच्याच्या मुलांनी तेलुगू वाक्यं आणावीत, मुलचेऱ्याच्या मुलांनी बंगाली. सातवी-आठवीच्या वर्गात त्या वह्या समोर ठेवून इंग्रजी धडा शिकवला, तर 'व्हिगरसली' आलं की मुलगी आधी विचारेल, कोण काय करतंय, आणि मग शब्द निवडेल. येत्या रोवणीपासून सुरुवात करता येईल. पऱ्हे टाकायला अजून अवकाश आहे, तोवर वह्या वाटून होतील.